माहेरची अळी

खारफुटीतल्या तिवराच्या फांदीवरून एक अळी धाग्याला लोंबकळत खाली आली आणि नेमकी माझ्या मनगटावर बसली. ओहोटी होती. मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, खाडीच्या चिखलात पोटरीपर्यंत बुडून खुब्यांच्या शिंपल्या वेचत होतो. गौरी नुकत्याच गेल्या होत्या. आत्याबाई म्हणाल्या, झटक ती अळी. मी झटकली नाही. काळपट अंग, कडेनं फिकट रेघ, चकचकीत डोकं. मी तिला ओळखलं, आणि एवढ्याशा किड्याला बघून मला असा आनंद झाला की सांगता सोय नाही.

"आत्याबाई, ही आमच्याकडची," मी म्हणाले. "आमच्या सागांवर असते ती. हीच."

"मंग काय, तुजा मुराळीच आला म्हनायचा," आत्याबाई हसत म्हणाल्या. "जा आता तिच्यासंगं."

सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो माणूस येतो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. भाऊ येतो, नाहीतर बाप. मला भाऊ नव्हता. होळीनंतर माझ्याकडे कोणी आलं नव्हतं. गौरीला जायचं, तर खाडी फुगलेली आणि मला पाचवा महिना. आत्याबाईंनी पोटुशीला होडीत बसवायला साफ नकार दिला.

तसं माझं माहेर लांब नव्हतं. तेच तर दुःख होतं. आडखारच्या, म्हणजे सासरच्या गावच्या, बांधावर उभं राहिलं की समोर खाडी आणि पलीकडे कुंभेळीची टेकडी. माणसानं हाक मारली तर ऐकू यायची नाही, पण कुत्रं भुंकलं की कळायचं, एवढंच अंतर. त्या टेकडीच्या उतारावर माझ्या बाचे साग होते आणि सागांच्या मागे आमचं घर. घर दिसायचं नाही, साग दिसायचे. पाण्याला जाताना, भांडी घासताना, काही कारण नसतानाही मी त्या सागांकडे बघत असायची. आणि माझे यजमान, दत्ताराम, तरीची होडी चालवायचे. म्हणजे माझा नवरा रोज चार-सहा वेळा माझ्या माहेरच्या धक्क्याला होडी लावून यायचा आणि मी इकडे बसून राहायची. संध्याकाळी ते आले की मी विचारायची, आई दिसली का. ते म्हणायचे, दिसली. मी विचारायची, काय नेसली होती. ते डोकं खाजवायचे. नवऱ्यांना असलं काही दिसत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना आत्याबाईंनी मुराळ्याची गंमत आबांना सांगितली. आबा म्हणजे माझे सासरे, गंगाराम पाष्टे. अबोल माणूस, पण माझ्यावर माया करायचा. मला आंबट खावंसं वाटतं हे मी कोणाला बोलले नव्हते, तरी कोकमं आणून शिंक्यावर ठेवायचे आणि ठेवली म्हणून सांगायचे नाहीत. आबाही हसले. मग म्हणाले, ती अळी तुमच्याकडे कधी येते?

मला तर माहेराबद्दल कोणी विचारलं की पूर यायचा. पहिल्या पावसाला सागाला कोवळी पानं फुटतात, तेव्हा येते, मी सांगितलं. आठ-पंधरा दिवसांत पानाच्या नुसत्या शिरा उरतात. झाडाखाली उभं राहिलं तर अळ्यांच्या लेंड्या पडल्याचा बारीक आवाज येतो, भुरभुर पाऊस पडल्यासारखा. पान जून झालं की त्यांना ते आवडत नाही, मग त्या पाकोळ्या होऊन निघून जातात आणि सागाला दुसरी पालवी फुटते.

"कुटं जातात?" आबांनी विचारलं.

ते मला ठाऊक नव्हतं. दत्तारामांना होतं. आषाढात दिवेलागणीच्या वेळी शेवटची खेप करताना होडीवर पाकोळ्याच पाकोळ्या यायच्या, वरचे पंख मातकट आणि आतले नारिंगी, असं ते म्हणाले. कुंभेळीकडून निघायच्या आणि इकडे यायच्या. माझा नवरा खोटं बोलणारा नव्हता. आबांनी पुढचा घास उशिरा घेतला.

चार-सहा दिवसांत खाडीकाठचा सगळा तिवर करपल्यासारखा झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक हिरवं पान नाही. साळुंक्यांची आणि कावळ्यांची चंगळ होती, घरात बोललेलं ऐकू यायचं नाही. आणि त्यानंतरच्या अवसेला मोठं उधाण आलं आणि बांध फुटला.

खारातली शेती ज्यांनी बघितली नाही त्यांना हे सांगायला हवं. बांधाच्या बाहेर खाडी, आत भात. मधे माणसानं हातानं रचलेली माती, आणि त्या मातीच्या पुढे लाटेचा मार खायला तिवर. तो बांध आबांनी आणि त्यांच्या वडिलांनी घातलेला. खारं पाणी आत शिरलं तेव्हा भात पोटरीत होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी आबा मांडीपर्यंत चिखलानं माखलेले घरी आले, पडवीत टेकले आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. आत्याबाईंनी दिलं तेव्हा तांब्या हातात धरून बसले.

मग त्यांनी सगळं जोडलं. मी म्हटलेलं आणि माझ्या नवऱ्यानं म्हटलेलं. अळी कुंभेळीच्या सागावर वाढली, पाकोळी होऊन इकडे आली, तिवर उघडा पडला, लाट सरळ बांधावर आली. आम्हा दोघांच्या साक्षीनं माझ्या बापावर गुन्हा शाबीत झाला.

"दत्ता," आबा म्हणाले, "तुज्या सासऱ्यांना, शिगवनांना सांग. ते साग जात नाहीत तवर आपली सून खाडी वलांडायची नाय."

आत्याबाईंनी भांडून बघितलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, लोक तोंडात शेण घालतील, म्हणाल्या. सातवा महिना कार्तिकात लागेल, आठव्यात कोणी पोरीला खाडीपार पाठवत नाही, मग काय करणार आहात? आबा म्हणाले, कार्तिकाला अवकाश आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी चुलीशी होते. माझं भाकरीचं पीठ हातातच वाळलं.

आश्विनात बा आला. राघो शिगवण, उंच, वाकलेला, खांद्यावर टॉवेल. येताना नारळ आणले होते, ते त्यानं पडवीच्या कडेला ठेवले. मी पाणी नेऊन दिलं तेव्हा त्यानं माझ्या पोटाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी आत येऊन दाराच्या मागे उभी राहिले.

"पावनं, किड्याला काय गाव असतं?" बा म्हणाला.

"गाव नसंल, झाड तर असतं," आबा म्हणाले. "त्याला कवळं पान लागतं. पहिल्या पावसाला ता तुमच्याकडं मिळतं. तितं त्याचं पोट भरतं, पैदास वाढते. साग राठ झाला की मंग माजा तिवर. तुमचे साग नसते तर ता इथवर आलंच नसतं."

खरं सांगायचं तर आबांचं बोलणं वेड्यासारखं नव्हतं. नीट बघून, विचार करून काढलेलं होतं.

"तिवर परत फुटतोय की," बा म्हणाला. "येताना बगितला मी. पालवी आलीया."

"तिवर फुटंल. भात मेलं ता मेलं. आन् पुढल्या साली परत हायच."

"ती झाडं ही पोर पाच वर्सांची होती तवा मी लावली. हिनं कळशीनं पानी घातलं त्यास्नी."

"मंग झाडं ठेवा, नायतर पोर न्या," आबा म्हणाले. "माजं दुसरं म्हननं नाय."

आवाज कोणीच चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडण झालं की कोणीतरी मधे पडतं. बा उठला, आत डोकावून मला म्हणाला, जिवाला जप, आणि दत्तारामांच्या होडीतून परत गेला. मी बांधावर जाऊन उभी राहिले. होडीत त्यानं पाठ माझ्याकडे केली होती.

त्या रात्री मी यजमानांना म्हणाले, उद्या बाला सांगा, झाडांना हात लावू नको. मी इथंच बाळंत होते. आत्याबाई आहेत, सगळं नीट होईल. मी शहाण्यासारखी बोलले आणि मग कुशीवर वळून तोंडात पदर घालून रडले. कारण मला जायचं होतं. मला आईच्या हातचं गरम पाणी अंगावर घ्यायचं होतं. आमच्या ओटीवर पाय पसरून बसायचं होतं, कोणी बघतंय म्हणून पदर सावरायचा नव्हता. कोणीतरी मला भागू म्हणायला हवं होतं. इथं मी सून होते, सूनबाय होते, दत्ताची बायको होते. भागू मी फक्त पाण्यापलीकडे होते.

दुसऱ्या दिवशी यजमान परत आले. मी विचारलं, काय म्हणाला बा?

"म्हनला, तिला सांगा जेवत जा."

"आणि झाडांचं?"

"तेवढंच म्हनला."

पुढे यजमानच एकदा म्हणाले की बा सारखा तालुक्याला जातोय, होडीत भेटतो. मालकीचं झाड तोडायचं तरी परवानगी लागते, हे मला माहीत होतं, पण मी ते मनात येऊ दिलं नाही. अळीवरचं औषध आणायला जात असेल, असं मी ठरवून टाकलं.

कार्तिकात एका सकाळी मी बांधावर सुकट पसरत होते. खाडी आरशासारखी होती. समोरच्या उतारावर काहीतरी चमकलं, आणि थोड्या वेळानं ठक्क असा आवाज पाण्यावरून आला. परत चमकलं, परत ठक्क. कुऱ्हाड आधी दिसायची, आवाज मागून यायचा. मी सुकट तशीच टाकून उभी राहिले.

दोन-तीन माणसं होती. त्यात बा कोणता ते मला चालीवरून कळलं. साग पडताना आधी शेंडा हलायचा, मग तो सावकाश बाजूच्या झाडांतून खाली जायचा आणि तिथं आभाळ दिसायला लागायचं. असं रोज चाललं. मी रोज बांधावर जायची. आत्याबाई म्हणायच्या, कशाला बघतेस, पोटातल्याला त्रास होईल. पण मला बघितल्याशिवाय राहवायचं नाही. आणि एक गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही, ती आता सांगते. झाडं जायला लागली तसं मागचं आमचं घर दिसायला लागलं. आधी कौलांचा कोपरा, मग मांडव, मग अंगण. एका सकाळी अंगणात कोणीतरी वाकून झाडत होतं. मुंगीएवढं दिसत होतं, पण ती आई होती. मी साग जाताना बघून रडत होते आणि त्याच डोळ्यांनी आईला शोधत होते. दोन्ही एकदमच होत होतं, त्याला मी काय करणार?

कार्तिक संपायच्या आत बा मुराळी म्हणून आला. धुतलेला सदरा घालून आला होता. आबा पुढे झाले, त्यांनी स्वतः पाट मांडला. जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, पावनं, माजं तुमच्याशी वैर नाय. बा म्हणाला, नाय, मला ठावं हाय, बांध मजबूत करून घ्या. दोघंही चांगली माणसं होती. आजवर मला त्यांच्यातल्या एकालाही वाईट म्हणता आलेलं नाही, आणि म्हणता आलं असतं तर माझं ओझं हलकं झालं असतं.

होडीत मी बाला विचारलं, का तोडलेस रे? मी निरोप दिला होता ना?

"नायतरी अळी खातच व्हती त्यास्नी," बा म्हणाला आणि वल्ह्याच्या पाण्याकडे बघत राहिला.

मी माहेरी पोचले. आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि भागू म्हणाली. सगळं मला हवं होतं तसंच झालं. गरम पाणी, डिंकाचे लाडू, पाय पसरून बसणं. माघात मुलगा झाला, सुखरूप झाला. पण घराच्या पुढे नुसते बुंधे उरले होते. वारा थेट घरात यायचा, दुपारी ओटीवर बसवायचं नाही. सागाची मोठी पानं रात्री खाली पडायची तो आवाज मी लहानपणापासून झोपेत ऐकलेला, तो नव्हता. ज्या वाटेनं मी कळशी घेऊन जायची ती वाट कोणती ते सापडायचं नाही, कारण वळायचं कुठं ते झाडांवरून कळायचं. मांडीवर बाळ, शेजारी आई, आणि मला माहेरची आठवण यायची. माहेरी बसून. आईला हे कसं सांगायचं, म्हणून मी म्हणायची, झोप नीट होत नाही.

मी परत सासरी आले. पावसाळा आला. पहिल्या पावसाला बांधावरून समोर बघितलं तर उघडी टेकडी, मधे गवत. आषाढ कोरडा गेला म्हणजे पाकोळ्यांविना गेला. आबा रोज यजमानांना विचारायचे, होडीवर काही आलं का. काही नाही, ते सांगायचे. आबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं, पण माझ्यासमोर ते दाखवत नसत.

त्या वर्षी अधिक महिना होता, सगळे सण उशिरा आले. गौरींना थोडे दिवस असताना आत्याबाई चिखलातून परत आल्या आणि खुब्यांची टोपली खाली ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यावर एक अळी होती.

आठवड्यात तिवर गेला. मागच्या वर्षीसारखाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. यजमान म्हणाले, यंदा पाकोळ्या खाडीच्या मुखाकडून आल्या असणार, तिकडचा तिवर आधीच खाल्लेला होता. पुढे खूप वर्षांनी कॉलेजातल्या एक बाई मुलांना घेऊन खाडी बघायला आल्या होत्या, त्यांनी मला समजावलं. सागही चालतो तिला, तिवरही चालतो, तुमच्या बांधावरची निर्गुडीसुद्धा चालते, त्या म्हणाल्या. कोवळं पान जिथं असेल तिथं ती वाऱ्यावर डोंगर ओलांडून येते. एका टेकडीवरचे साग तोडून तिचं काही अडत नाही. आणि झाडं मरत नाहीत, परत फुटतात. मी बाईंना चहा दिला.

पण तेव्हा आम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं. आबा सकाळपासून बांधावर उभे होते. मी बाळाला कडेवर घेऊन त्यांना जेवायला बोलवायला गेले. त्यांनी तळहातावर एक अळी घेतली होती आणि ती बोटावरून बोटावर जात होती तशी ते हात फिरवत होते. मग त्यांनी समोर बघितलं. समोर माझ्या माहेरचं अंगण दिसत होतं. बांध त्या वर्षी फुटला नाही, उन्हाळ्यात त्यांनी तो रुंद केला होता. तिवर उघडाच होता, तरी बांध टिकला.

"सूनबाय," ते म्हणाले, "गौरीला म्हायेरी जा. पोराला घेऊन जा. पायजे तितकं ऱ्हा."

मी हो म्हटलं.

"तिवराचं तितं काडू नको. तुज्या बापाला ता कळाया नको."

त्यांनी अळी खाली सोडली नाही. मुठीत धरूनच घराकडे चालायला लागले. मला त्यांची दया आली, आणि रागही आला, आणि मी त्यांच्या मागून चालत राहिले.

गौरीच्या आदल्या दिवशी यजमानांनी मला पलीकडे सोडलं. आईनं बाळाला ओवाळलं. संध्याकाळी बा ओटीवर बसला आणि नातवाला त्यानं मांडीवर घेतलं. पाऊस उघडला होता, ऊन तिरपं होऊन समोरच्या काठावर पडलं होतं. मी त्याच्या शेजारी बसले. ओटीपासून पाण्यापर्यंत एकही झाड नव्हतं. पलीकडे आमचा बांध होता, आणि बांधाच्या पुढे तिवराची ओळ, सबंधच्या सबंध तपकिरी. ते बघायला डोळे तेज असायला लागत नव्हते. आंधळा नसलेल्या कोणालाही ते दिसलं असतं.

बा बाळाच्या पायाची बोटं एकेक करून चोळत होता.

"तिवर कसा हाय गो यंदा?" त्यानं विचारलं.

"हिरवागार हाय, बा," मी म्हणाले.

तो समोरच बघत होता. मग त्यानं बाळाला उचलून खांद्याशी धरलं आणि दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मंग बरं झालं, भागू," बा म्हणाला. "साग कामी आले म्हनायचे."